लाल राहिलेला ग्लास

प्रिय कुंदामावशी,

काल तुझी तेरवी झाली. सकाळी किराण्याची हातगाडी दारात आली आणि तुझ्या लेकाने, विनयने, पहिला प्रश्न काय विचारला असेल, सांग! "बिल कुठाय?" गाडीवाला बिचारा गोंधळला. म्हणाला, "भैया, गमी के घर में बिल कौन माँगता है?" विनयने गाडी उलट पाठवली. हाच विनय लहानपणी तुझ्यासोबत बाजारात जायला लाजायचा. तू पाणीपुरीवाल्यालाही पावती मागशील, या भीतीने दहा पावलं मागे चालायचा. काल बिल येईपर्यंत आचाऱ्याला चूल पेटवू दिली नाही त्याने. पंगत तासभर उशिरा बसली आणि जो तो तुझ्या फोटोकडे पाहून हसत होता.

जेवणं झाल्यावर लोक बोलायला उभे राहिले. कोणी फुटलेल्या प्रेशर कुकरचं सांगितलं, कोणी तुझ्यामुळे बदलून मिळालेल्या पंख्याचं. सेक्टरमधल्या एका गुरुजींनी तर तुला वाघीण करून टाकलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बसा गुरुजी, भाजी थंडी होऊन राहिली."

आई मागे भिंतीला टेकून ऐकत होती. घरी परतताना रिक्षात म्हणाली, "सारं बोलले वो, पण हळदीचं कोणीच नाई बोललं."

"त्यांना कुठे माहीत आहे?" मी म्हटलं.

"मंग तू लिव्ह. मले लिवता येत नाई. आन् वाईट बी लिव्ह. नुसतं गोड गोड लिवशीन तं तिलेच खरं वाटणार नाई."

म्हणून आज दुकान अर्धा दिवस बंद ठेवून बसले आहे. तुला सगळं ठाऊक आहे, पण हे पत्र विनयच्या पोरी वाचतील. त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगते. कुठे चुकलं तर स्वप्नात येऊन दुरुस्त कर, तुला चूक काढायचा कंटाळा कधी नव्हताच.

माझे बाबा हथखोजच्या एका लहानशा कारखान्यात होते. ते गेले तेव्हा मी आठ वर्षांची. पोलादाच्या मोठ्या प्लांटची नोकरी नव्हती, म्हणून त्यांच्या टाउनशिपमधलं क्वार्टरही नव्हतं. टाउनशिपबाहेर आमची भाड्याची एक खोली. आईने खांद्याला पिशवी लावली आणि टाउनशिपच्या सेक्टरांमधून दारोदार हळद-तिखट विकायला लागली. तिचा एकच तोरा होता. अख्खी हळकुंडं आणायची, चक्कीवर स्वतः उभं राहून दळून घ्यायची आणि दारात सांगायचं, "माझ्या डोळ्यापुढं दळली हाय, बाई." सारे तिला हळदवाली म्हणायचे. गिरजा हे तिचं नाव फक्त तू विचारलंस.

मराठी बायकांच्या घरोघरी संक्रांतीचं हळदीकुंकू व्हायचं. हळद आईची असायची आणि आईला मात्र कोणी बोलवायचं नाही. तिलाही त्यात काही गैर वाटत नव्हतं. नवरा गेलेल्या बाईनं तिकडे फिरकायचं नाही, एवढं ती शिकून होती.

मी अकरा वर्षांची होते, त्या वर्षी तू दारातच तिचा हात धरलास. "गिरजाबाई, संक्रांतीले माझ्या घरी या. हळदीकुंकवाले."

"मी? अवो बाई, मले कोण लावन?"

"मी लावीन. आन् येताना तुमच्या हळदीची एक पुडी आणा. साऱ्याच बाया आपापल्या घरची आणणार हायेत."

बाप्पा! दोन दिवस आमच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. जाऊ का? लोक काय म्हणतील? आईने निळं लुगडं काढलं, घडी करून ठेवलं, परत काढलं. शेवटी माझा हात धरून आली. तू उंबऱ्यातच तिला हळदीकुंकू लावलंस. बाबा गेल्यावर पहिल्यांदा तिच्या कपाळावर कुंकू. मी सारखी वर मान करून तिच्याकडे पाहत होते. इतकी सुंदर होती माझी आई? मला माहीतच नव्हतं!

आत टेबलावर काचेचे ग्लास ओळीने मांडले होते. तू म्हणालीस, "यंदा वाण म्हणून प्लास्टिकचा डबा नाई देत. पारख देते." तुझे यजमान, आमचे काका, प्लांटच्या लॅबमध्ये होते, त्यांनी तुला शिकवून ठेवलं होतं. प्रत्येकीची चिमूटभर हळद एकेका ग्लासात टाकलीस, प्रत्येक ग्लासासमोर तिच्या नावाची चिठ्ठी. मग ड्रॉपरने ॲसिडचे थेंब. सगळ्याच हळदी लाल झाल्या. बायका घाबरल्या, तशी तू हसलीस. "थांबा न! ॲसिडनं खरी हळद बी लाल होते. आता पाणी टाकते. खरीचा लाल रंग जाईन. रंग मारलेलीचा जाणार नाई."

तू पाणी ओतत गेलीस. एक ग्लास, दुसरा ग्लास, लाली फिकी पडली. तिसऱ्याची गेली नाही. पुढच्याचीही नाही. पाच ग्लास तसेच लालभडक उभे राहिले, आणि त्यातला एक आईचा.

लाल ग्लासांच्या उरलेल्या चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, "मी तर हळदवालीकडूनच घेते." दुसरी म्हणाली, "मीपण." मग कोपऱ्यातून एक आवाज आला, मावशी, तो आवाज मी अजून विसरले नाही. "जिचं कपाळ पांढरं, तिला हळदीकुंकवाला बसवलं की असंच व्हायचं."

आई म्हणाली, "माझ्या डोळ्यापुढं दळली वो बाई मी..." कोणी ऐकलं नाही. तिने पदराने कपाळ पुसलं. कुंकू नीट निघालं नाही, पसरलं. मला ओढतच ती बाहेर घेऊन गेली.

आता आईने लिहायला सांगितलेलं वाईट लिहिते. मावशी, तू तेव्हा गप्प का बसलीस? तुझ्या हातात ड्रॉपर तसाच होता. एक शब्द बोलली असतीस! "थांबा," एवढं जरी म्हटलं असतंस!

मोठी झाल्यावर मी तुला हे तोंडावर विचारलं होतं, आठवतं? तू भाजी चिरत होतीस. विळी बाजूला सारलीस. म्हणालीस, "खरं सांगू, बेबी? त्या घडीले मले आनंद झाला होता. भेसळ सापडली न! कोणाच्या घरातली सापडली, हे मागून ध्यानात आलं. तवरिक तुझी माय फाटकाबाहेर गेली होती." दुसरी कोणी असती तर काहीतरी सबब सांगितली असती. तू सांगितली नाहीस, म्हणून तुझ्यावरचा माझा राग त्या दिवशी निम्मा झाला. निम्माच हं!

त्या रात्री आई रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. डब्यातली हळद तळहातावर घेऊन ती नुसती पाहत बसली. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाली तर दारं उघडेनात. तिखटसुद्धा कोणी घेईना. हळदवाली खोटी, तर तिखट कसं खरं असणार? आईचं नाव हीच आमची सारी पुंजी होती आणि ती एका दुपारी गेली. दोन दिवस आम्ही भात आणि मीठ खाल्लं.

तिसऱ्या दिवशी तू आमच्या खोलीवर आलीस. खाली चटईवर बसलीस. म्हणालीस, "गिरजाबाई, माझं चुकलं."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चूक चार बायांपुढं केली न तुमी? मंग माफी या बंद खोलीत कावून मागून राहिल्या?"

मी दाराआड उभी होते. मला वाटलं, झालं, आता ही बाई तणतणत निघून जाणार. तू उठलीस. खुंटीवरची आईची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावलीस. "चाला," म्हणालीस.

आणि तुम्ही दोघी निघालात! ज्या ज्या घरी आईची हळद गेली होती त्या प्रत्येक दारात उभं राहून तू सांगितलंस, "हिनं तं डोळ्यापुढं दळली. म्हंजे हळकुंडालेच रंग मारून ठोकवाल्यानं विकली. ही बाई फसली, तशाच तुमी फसल्या. हळद वापस द्या. आन् त्या दिवशी मी चूप बसली, ते माझं चुकलं." त्या कोपऱ्यातल्या आवाजाच्या दारातही गेलात. तिने पाणीसुद्धा विचारलं नाही, पण हळद आणून दिली. आई प्रत्येक दारात तुझ्यापेक्षा अर्धं पाऊल मागे उभी होती. शेवटच्या दारात बरोबरीने उभी राहिली, असं ती आजही सांगते.

तुला वाटलं होतं, आता नमुना सरकारी इन्स्पेक्टरला दिला की काम झालं. इन्स्पेक्टर भला माणूस. त्याने विचारलं, "बाईंनी माल घेतला, त्याचं बिल आहे?" बिल कुठलं! आई वर्षानुवर्षं त्याच दुकानातून घेत होती, भरवशावर. तो म्हणाला, बिल नसेल तर विकणारी म्हणून हीच बाई आधी अडकेल. तू घरी येऊन काकांना म्हणालीस, "पाहा, एक चिटोरं नाई तं सारा गुन्हा गरिबाच्या गळ्यात." तुझं ते पावतीचं वेड त्या दिवसापासूनचं. लोक तुला हसले. आम्ही दोघी कधी हसलो नाही. बरं, पाणीपुरीच्या वेळी हसलो!

मग दुर्गच्या बाजारातली ती दुपार! ठोक व्यापाऱ्याच्या दुकानात आईने नेहमीसारखी हळकुंडं मागितली. माल बांधून झाला आणि आई पढवल्याप्रमाणे म्हणाली, "सेठ, पक्का बिल."

"तुमको बिल क्या करना है? हल्दी खाओगी कि कागज?"

आई कचरली. तू मात्र शांतपणे दुकानाच्या पायरीवर बसलीस, पिशवीतून लाल भाजीच्या दोन जुड्या आणि सुपलं काढलंस आणि निवडायला लागलीस. घरून घेऊन आली होतीस! "आराम से बनाइए सेठजी, मेरी भाजी होने तक टाइम है." देठं एकीकडे, पानं एकीकडे. गिऱ्हाइकं थांबून विचारायला लागली, "क्या हुआ, बहनजी?" तू प्रत्येकाला तेच सांगायचीस, "कुछ नहीं भैया, बिल का इंतजार है." थोड्या वेळाने आईही तुझ्याशेजारी बसली आणि दुसरी जुडी तिने घेतली. मीही देठं मोडली. भाजी संपायच्या आत बिल आलं, शिक्क्यासकट. तू ते दोनदा वाचलंस, मग एकदा आईला वाचून दाखवलंस, आणि सेठला म्हणालीस, "धन्यवाद. देठ आपकी गाय के लिए रख दूँ?"

इन्स्पेक्टरने रीतसर नमुने घेतले, तपासणीत रंग निघाला, दुकानातल्या पोत्यांना सील लागलं. कोर्टाच्या तारखा मात्र वर्षानुवर्षं चालल्या. एकही तारीख तू चुकवली नाहीस आणि आईला चुकवू दिली नाहीस. वकिलाने आईला खोचकपणे विचारलं, तुम्ही विकणाऱ्या की घेणाऱ्या? आई म्हणाली, "साहेब, आधी मी घेणारी. मले खरं भेटलं तं मी खरं विकीन न!" तू बाकावर बसून टाळी वाजवलीस आणि शिपायाने तुला बाहेर काढलं. शेवटी त्या व्यापाऱ्याला शिक्षा झाली. पण तुम्हा दोघींना मी कधी त्याबद्दल फुशारकी मारताना ऐकलं नाही. आई फक्त म्हणायची, "आता झोप लागते."

त्यानंतर आईच्या पिशवीत कायमचा एक काचेचा ग्लास आला. कोणत्याही दारात गेली की पाणी मागायची, हळद टाकायची आणि थांबायची. "तळाशी बसू द्या. पाण्यानं एकदम पिवळा रंग घेतला तं घेऊ नका." आधी दोन दारं उघडली, मग दहा. ज्या बायका खोटी म्हणाल्या होत्या त्यांच्या सुना आज नेहरू नगरला आमच्या चक्कीवर येतात. मी शिकले, माझं लग्न झालं, आईच्या नावाचं दुकान उभं राहिलं. हे सारं त्या ग्लासातून आलं, आणि तो ग्लास तुझ्या टेबलावरचाच होता ना? तूच दिलास. आई म्हणते मी मागितला, तू म्हणायचीस मी दिला. आता हा वाद कोण मिटवणार?

पुढे ग्राहकांचा नवा कायदा आला आणि तुझ्या व्हरांड्यात रविवारी जत्रा भरायला लागली. उतई गावाहून कोणी बियाण्याची पिशवी घेऊन यायचं, कोणी बंद पडलेली इस्तरी. पण एक गोष्ट फक्त आम्हाला दिसायची. कोणी रागारागात म्हटलं, "इस दुकानवाले को चौराहे पे नंगा करो, बहनजी," की तू आधी विचारायचीस, "उसको किसने दिया था?" लहान दुकानदाराला तू आधी एकट्याला गाठून बोलायचीस. लोकांना वाटायचं, बाई नरम पडली. नरम नव्हतीस गं. तुला पाच लाल ग्लास दिसत होते.

एवढं सगळं होऊनही आई तुझ्या हळदीकुंकवाला पुन्हा कधी आली नाही. तू दरवर्षी बोलवायचीस, ती "हाव, येतो" म्हणायची आणि यायची नाही. तू वाण घरी पाठवायचीस. मला वाईट वाटायचं. एवढी माफी मागून झाली, दारोदार फिरून झालं, तरी ही म्हातारी का अडून बसते? एकदा विचारलं तर म्हणाली, "राग नाई वो. पण ते कपाळ पुसल्याचं हात विसरत नाई."

मग काका गेले. त्यानंतरच्या संक्रांतीला तू दार लावून बसलीस. ज्यांच्या नवऱ्यांचे पंखे, कुकर, गॅस तू बदलून दिलेस, त्यातली एकही बाई त्या दिवशी तुझ्या फाटकाशी थांबली नाही. सगळ्या तिथूनच पुढे जात होत्या, हातात वाणं घेऊन.

दुपारी आईने खुंटीवरची जुनी पिशवी काढली. "चाल, बेबी."

दार तूच उघडलंस. किती वाळली होतीस! "गिरजाबाई, आज कावून आल्या? माझ्या घरी आता हळदीकुंकू नाई."

"तुझ्या घरी नाई, म्हणून मी घेऊन आली." इतक्या वर्षांत पहिल्यांदा आई तुला 'तू' म्हणाली.

ती आत गेली, तुझ्या माठातलं पाणी ग्लासात घेतलं, चिमूटभर हळद टाकली. आम्ही तिघी टेबलाशी बसून हळद खाली बसायची वाट पाहत राहिलो. पाणी स्वच्छ राहिलं. "पाह्यलं?" आई म्हणाली. "आता लावू?"

तू मान पुढे केलीस. आईने तुला हळद लावली, कुंकू लावलं. मग तू आईला लावलंस. कोणा सेठला, कोणा वकिलाला तुला रडवता आलं नव्हतं. त्या दिवशी तू माझ्या आईच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडलीस. आणि नाक पुसत काय म्हणालीस? "गिरजे, पावती दे!"

आईला लिहिता येत नाही. तिने हळदीचा अंगठा तुझ्या वहीच्या पानावर टेकवला आणि पान फाडून तुझ्या हातात दिलं. आम्ही पोट धरून हसलो.

मावशी, काल सगळे गेल्यावर विनयने तुझी पावत्यांची फाइल उघडली. सगळ्यात वर ते पान होतं. तो विचारत होता, "हे कशाचं बिल आहे, बेबीताई?" मला सांगता आलं नाही. म्हणून हे इतकं लांब पत्र.

तुझे उपकार मानते म्हटलं तर तू चिडशील. तरी मानते. माझ्या आईला तू बोलावलंस त्याबद्दल, आणि चुकल्यावर तिची पिशवी खांद्याला लावून दारोदार फिरलीस त्याबद्दल तर जास्तच. चूक न करणारी माणसं मला आयुष्यात भेटली नाहीत, पण चूक केली तिथेच परत जाऊन उभी राहणारी एक भेटली.

येत्या आठवड्यात संक्रांत आहे. यंदा हळदीकुंकू आमच्या चक्कीच्या अंगणात आहे. नवरा असलेली, नसलेली, सगळ्यांना बोलावलं आहे. पहिलं कुंकू आईला. प्रत्येकीने घरची हळद आणायची आहे, ग्लास मी मांडणार आहे. आणि मावशी, तुला शब्द देते. जिचा ग्लास लाल राहील, तिच्याशेजारी मी आधी जाऊन बसेन. बाकीचं मग बोलू.

तुझी,
हळदवालीची बेबी